ओ न देण्याचा खेळ

जपूनताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारे शेवटचे माणूस म्हणजे बहुधा त्यांची आई. त्या कारखान्याच्या ज्या पाळणाघरात काम करत, तिथल्या मुलांनी ठेवलेले हे नाव आधी कारखान्यात पसरले, मग घरी आले आणि अखेर सख्ख्या भावाच्याही तोंडी बसले. मूल पायरी उतरू लागले की 'जपून', पेला उचलला की 'जपून', खिडकीपाशी गेले की त्याहून हलक्या आवाजात पुन्हा 'जपून'. हा शब्द त्या ओरडून कधी उच्चारत नसत. श्वास सोडावा तसा तो त्यांच्या तोंडून बाहेर पडे.

त्या भाऊ-वहिनींकडे राहत. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे ना हे पाहण्यासाठी जिन्यावरून परत फिरण्याचा त्यांचा नेम होता. भाऊ म्हणे, हिला सावलीत बसवलं तर सावली पडेल म्हणून भिईल. वहिनी हसत, पण त्याच वहिनी गावाला निघाल्या की दाराशी थांबून विचारत, "वन्सं, सगळं बघितलंत ना?" वन्संनी बघितले असेल तर वहिनींना पुन्हा बघावे लागत नसे. या साध्या गोष्टीकडे घरात कुणाचे फारसे लक्ष गेले नव्हते. जिथे माणसे एकत्र राहतात तिथे भिण्याचे काम बहुतेक वेळा एकाच्या अंगावर पडते आणि उरलेले त्याच्या जिवावर निर्धास्त होतात. त्या एकाची चेष्टा करण्याची सवलतही त्या निर्धास्तपणातूनच येते.

या भीतीचे मूळ शोधण्याचा उद्योग अनेकांनी केला. लहानपणी पाण्यात पडली असेल, कुणी जवळचे अचानक गेले असेल, असे तर्क झाले. त्यांतले काहीही घडले नव्हते. वहिनींनी एकदा भाजी निवडताना सरळच विचारले, तेव्हा जपूनताई म्हणाल्या, "कारण असतं तर बरं झालं असतं. ते कधीतरी संपलं असतं." पाण्याची भीती मात्र इतर भीतींपेक्षा गडद होती. वाहते पाणी दिसले की त्या हाताशी येईल ते धरून ठेवत.

आणि तरीही दर उन्हाळ्यात त्या ओढ्याकाठच्या शिबिराला जात. कामगारांच्या मुलांसाठी कारखाना हे शिबिर भरवी. त्यासाठी घेतलेली इमारत पूर्वी कापड धुण्याची होती. वरच्या मजल्यावर लांबच लांब दालन, शेजारी स्वयंपाकघर आणि झोपण्याच्या खोल्या. खाली, अर्धवट जमिनीत गेलेल्या मजल्यावर, एका अंधाऱ्या बोळाच्या कडेने ओळीने लहान लहान खोल्या होत्या. प्रत्येक खोलीला ओढ्याच्या बाजूने एक दार होते. कारण एके काळी धुतलेले कापड तिथून थेट बाहेरच्या दगडी ओट्यावर आणि ओट्यावरून पाण्यात नेत. ओट्याच्या टोकाला लोखंडी कठडा आणि एक छोटा पूल होता, पुलापलीकडे मैदान. आता त्या खोल्यांत तंबू, जुनी बाके, शाळेचे फुटके फळे आणि सतरंज्यांचे गठ्ठे पडलेले असत.

शिबिर सुरू होण्याआधी जपूनताई ती इमारत एकट्याने फिरून बघत. हे मूल इथून पडेल, इथे बोट चिमटेल, इथे कोंडले जाईल, असे मनात सगळे अपघात घडवून घेत आणि मग त्यावर तोड काढत. या इमारतीत मुलांसाठी त्यांना सर्वांत जास्त धास्ती आगीची वाटे, कारण छत आणि जिने लाकडी होते. म्हणून त्यांनी शिबिराला घंटेचा शिरस्ता घालून दिला होता. जिन्याच्या माथ्यावर एक जाड पितळी घंटा टांगलेली होती. ती एरवी कुणी वाजवायची नाही. ती वाजली की हातातले टाकायचे, जिथे असाल तिथल्या सगळ्यांत जवळच्या दाराने बाहेर पडायचे, भिंतीच्या कडेने भरभर चालत, पण न धावता, ओट्यावरून पुलाशी यायचे. पुलाच्या तोंडाशी जपूनताई उजवा तळहात पुढे करून उभ्या असत. प्रत्येक मुलाने त्या तळहाताला हात लावूनच पूल ओलांडायचा. हात लागला की ते मूल सुखरूप. पहिल्या आठवड्यात याचा इतका सराव होई की मुले झोपेतून उठूनही बिनचूक चालत येत. तरुण शिक्षक याला 'जपूनताईंची कवायत' म्हणत.

त्या वर्षी शिबिराच्या मध्यावर पाऊस लागला. उन्हाळ्यातला चुकार पाऊस, दुपारी येईल आणि संध्याकाळी जाईल, असे सगळ्यांना वाटले होते. तो गेला नाही. मैदानाचे तळे झाले, चेंडू गोदामात गेले, कपडे वाळेनात. मुले दालनात कोंडली गेली, चिडू लागली, एकमेकांना चिमटे काढू लागली. मोठ्या मुलांची तुकडी दोन दिवस आधी डोंगरापलीकडच्या विश्रामगृहावर गेली होती. रस्ता बंद व्हायच्या आत त्यांना आणायला हवे म्हणून शिबिरप्रमुख त्या सकाळी ट्रक घेऊन निघाले आणि शिक्षकांनाही त्यांनी सोबत घेतले. मागे लहान मुले, आचारी आणि जपूनताई एवढेच उरणार होते.

निघताना प्रमुखांनी त्यांना बाजूला घेतले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सौम्यपणेच सांगितले की कालपासून मुले रडवेली झाली आहेत, कुणी घरी जायचे म्हणते आहे, आणि याला पाऊस जबाबदार नाही. तुम्ही दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन ओढा बघता, मुले तुमच्या चेहऱ्याकडे बघतात. मग रेनकोटची बटणे लावत ते म्हणाले, "आजचा दिवस तुमची भीती खिशात ठेवा ताई. पावसाचा दिवस पोरांच्या लक्षात राहू दे."

हे बोलणे जपूनताईंना लागले, कारण ते खरे होते. आपली भीती मुलांना सांभाळते हे त्यांना माहीत होते. ती साथीसारखी मुलांना लागतही असेल, हा विचार त्यांनी तोवर केला नव्हता. स्वयंपाकघरात त्या बटाटे सोलायला बसल्या तेव्हा आचारी म्हणाला, "बटाट्यांना तरी जपून म्हणू नका, ते काही पळत नाहीत." एरवी त्या कसनुशा हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी सुरी खाली ठेवली आणि विचारले, आचारीदादा, तुम्ही लहानपणी पावसात काय खेळायचात? तो म्हणाला, लपंडाव, आणखी काय.

लपंडावाला दालनात जागा नव्हती. चार खांब आणि भिंतीलगतच्या गाद्या, एवढ्यात कोण लपणार. तेव्हा जपूनताईंनी जी गोष्ट इतक्या वर्षांत कधी केली नव्हती ती केली. मुलांसाठी खालच्या मजल्याचे कुलूप काढले. त्याआधी त्या स्वतः खाली जाऊन आल्या. ओट्याच्या बऱ्याच खाली पाणी होते, खोल्या कोरड्या होत्या, ओढ्याकडच्या दारांना आतून कड्या होत्या. त्यांनी सगळ्या कड्या लावल्या, पुन्हा एकदा ओढून पाहिल्या आणि मुलांना खाली सोडले.

साधा लपंडाव लवकर संपतो, कारण मुलांना गप्प बसवत नाही. म्हणून त्यांनी खेळात एक नियम घातला आणि तो इतका रंगला की मुलांनी त्यालाच खेळाचे नाव दिले. ज्याच्यावर राज्य असेल त्याने शोधायचे नाही, नुसत्या हाका मारायच्या. फसवून, लाडीगोडी लावून, दुसऱ्याचा आवाज काढून. जो ओ देईल तो बाद. लपणाऱ्याला जागा बदलायची मुभा. पहिले राज्य ताईंनी स्वतःवर घेतले आणि नियम समजावताना सगळ्यांना दोनदा म्हणायला लावले. "कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मी मारली तरी नाही. खेळ संपला असं सांगितलं तरी नाही. मी रडायला लागले तरी नाही. जेवणाची धून वाजली की मगच बाहेर."

जेवणाची धून म्हणजे प्रत्येक खोलीत बसवलेल्या कर्ण्यांतून वाजणारी एक छोटी सुरावट. तिने मुलांना जेवायला बोलावत.

त्या सकाळी जपूनताईंमध्ये एक अजब कला असल्याचे उघडकीला आले. त्या हुबेहूब आवाज काढत. त्यांनी प्रमुखांसारखा घसा खाकरला आणि एक मुलगा ताडकन उभा राहिला. आचाऱ्याची शिंक काढली. कुणाच्या आईचा आवाज काढून, अगं तुझं पत्र आलंय, असे म्हटल्याबरोबर दोघी एकदम ओ देऊन बसल्या. शेवटी तर त्यांनी तोंडाने जेवणाची धूनच गुणगुणली आणि अर्धी फौज हसत हसत बाहेर आली. मुले पोट धरून हसली. ताईही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बोळात उभ्या राहून त्यांनी भिंतीचा आधार घेतला आणि त्या क्षणी आपल्याला कशाचीही भीती वाटत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. तो अनुभव त्यांना नवा होता. त्याची गोडी लागावी इतका नवा.

एकच मूल एकाही डावात बाद झाले नाही. सगळे तिला मुंगी म्हणत. ती शिबिरातली सर्वांत लहान मुलगी. बोलणे कमी, आणि भिंत, खांब, कपाट जे दिसेल त्यावर चढण्याची खोड. तिची मोठी बहीणही शिबिरात होती आणि धाकटीच्या या जिंकण्याचे तिला कौतुकही होते, थोडा रागही. नव्या डावाआधी मुंगी तिच्या कानात सांगून गेली की या वेळी मी अशा जागी जाणार की तूही येणार नाहीस.

त्या डावात दिवे गेले.

आधी सगळ्यांना तो खेळाचाच भाग वाटला. मग एकेक करून मुले चाचपडत बाहेर आली. काही हसत, काही रडत. जपूनताईंनी त्यांना हाताला धरून वर दालनात नेले, गाद्यांवर बसवले, मोजले, आणि मोजणी चुकली असे समजून पुन्हा मोजले. मुंगी नव्हती. बहीण म्हणाली, ती येईल, धून वाजली की येईल. आणि हे बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला, कारण वीज नसताना धून वाजणार नाही हे तिच्या आणि ताईंच्या एकाच वेळी लक्षात आले.

तेवढ्यात आचारी खालून वर आला. तो खालच्या कोठीतले कांदे आणायला गेला होता. त्याच्या विजारीचे पाय घोट्यापर्यंत भिजले होते. मुलांसमोर काही न बोलता त्याने ताईंना डोळ्यांनीच जिन्याकडे बोलावले आणि हळू आवाजात सांगितले की ओढा ओट्यावर चढला आहे आणि दारांखालून पाणी आत येते आहे.

भीती नेहमी बाळगणाऱ्या माणसाला खरे संकट आले की भीती वाटत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते खोटे आहे. जपूनताईंना त्या क्षणी जी भीती वाटली ती आधीच्या सगळ्या भीतींची मिळून झालेली नव्हती. ती वेगळ्याच जातीची होती. आजवरच्या भीतीत त्या एकट्या असत आणि अपघात मनात असे. आता त्यांनी स्वतः उघडलेल्या कुलपापलीकडे, त्यांनीच शिकवलेल्या नियमाशी प्रामाणिक राहून, एक मूल अंधारात गप्प बसले होते.

दोघे कंदील घेऊन खाली गेले. बोळात पाणी काळे आणि थंड होते. वाहत नव्हते, पण वाढत होते. पहिल्या खोलीच्या दाराशीच ताई चौकट धरून थांबल्या. आचाऱ्याने त्यांचा दंड धरला. त्यांनी हाक मारली, "मुंगे, खेळ संपला, बाहेर ये." आणि शब्द तोंडातून निघताच त्यांना कळले की सकाळपासून हेच शब्द, याच आवाजात, त्यांनी कितीदा खोटे म्हणून वापरले होते. आचाऱ्याने हाक मारली. पण त्याची शिंकही त्यांनी काढून दाखवली होती. बहिणीने जिन्यावरून रडत हाक मारली, आणि बहिणीच्याही आवाजात सकाळी एक हाक गेलेली होती. वर दालनात मुलांनी मिळून धून गायली. तीही वापरून झाली होती. खरे बोलण्याचा एकही आवाज त्यांनी शिल्लक ठेवला नव्हता.

बाकांखाली पाहिले, फळ्यांमागे पाहिले, तंबूंचे गठ्ठे उलटले. खोल्या पुष्कळ, अडगळ त्याहून जास्त, आणि कंदील एकच. मध्येच कुठेतरी लाकूड कुरकुरले. दोघे तिकडे धावले, तर पाण्यावर तरंगणारे बाक भिंतीला घासत होते. लपलेल्याने जागा बदलायची, हाही नियमच होता. पाहून झालेली खोली पाहून झाली असे म्हणायची सोय नव्हती. पाणी नडग्यांपर्यंत आले तेव्हा आचारी थांबला. त्याला दम लागला होता आणि त्याच्या तोंडी एकही विनोद उरला नव्हता.

जिन्यात बहीण उभी होती. ती म्हणाली, "घंटा वाजवा. घंटा वाजली की ती येतेच."

हे खरे होते. घंटा खेळात कुणी कधी वापरली नव्हती. पण घंटा ऐकून मुंगी जिन्याकडे येणार नव्हती. शिकवल्याप्रमाणे ती जवळच्या दाराची कडी काढणार होती आणि ओट्यावर येऊन पुलाकडे चालणार होती. ओट्यावरून आता ओढा जात होता आणि पूल दिसेनासा झाला होता. एक शिस्त तिला गप्प बसवून ठेवत होती, दुसरी तिला पाण्यात नेणार होती. आणि दोन्ही एकाच माणसाने, तिच्या भल्यासाठी, शिकवल्या होत्या. घंटा न वाजवता पाणी चढू द्यावे, की घंटा वाजवून तिला त्यात बोलवावे, एवढेच त्यांच्या हाती होते.

जपूनताई जिन्याच्या पायरीवर बसल्या. आचाऱ्याला वाटले, त्यांना घेरी आली. त्यांनी थोडा वेळ दोन्ही तळहात गुडघ्यांवर दाबून धरले. मग त्या म्हणाल्या, "पुलाशी मी असते ना. ती माझ्या हाताकडे येईल."

आचारी म्हणाला की बाहेर मी जातो, तुम्हाला पाणी सोसत नाही. त्या म्हणाल्या की तिथे तिने कधी तुम्हाला पाहिलेले नाही. ती बावरेल, थांबेल, आणि तिथे थांबणे बरे नाही. शिवाय ओढून घ्यायला दणकट माणूस आत हवे. कपडे वाळत घालायची दोरी दुहेरी करून त्यांनी कमरेला बांधली आणि दुसरे टोक आचाऱ्याच्या हाती दिले. तो बोळाच्या टोकाला, ओट्यावर उघडणाऱ्या दारात, चौकटीला पाय रोवून, उभा राहणार होता. दालनातल्या मुलांना त्यांनी आधी एकमेकांचे हात धरायला लावले आणि सांगितले की आता घंटा वाजेल, पण आज तुम्ही उठायचं नाही. एका मुलाने विचारले की घंटा खोटी आहे का. "घंटा खरी आहे," त्या म्हणाल्या, "पण ती मुंगीसाठी आहे."

घंटेची दोरी बहिणीच्या हाती दिली होती.

जपूनताई त्या दाराबाहेर पडल्या तेव्हा पाणी त्यांच्या गुडघ्यांशी आले. पावसात समोरचे काही दिसत नव्हते, फक्त जनावराच्या पाठीसारखे फुगून पळणारे गढूळ पाणी. भिंतीला खांदा लावून त्या कठड्यापर्यंत गेल्या. हे अंतर रोज मुले हसतखेळत चालत. कठड्याला डावा हात गुंडाळून त्यांनी इमारतीकडे तोंड केले. पाण्याकडे पाठ करणे त्यांना आयुष्यात कधी जमले नव्हते. त्या दिवशी जमले असेही नाही. त्यांचे सगळे अंग मागच्या आवाजाकडे ओढ घेत होते, आणि फक्त डोळे दारांच्या ओळीवर होते. त्यांनी उजवा तळहात पुढे केला.

घंटा वाजू लागली.

काही झाले नाही. दारे बंदच होती. घंटा वाजत राहिली, मुलीचा हात भरून आल्यासारखी मध्ये अडखळली आणि पुन्हा सुरू झाली. ताईंच्या मनात आले की मुंगी खाली नाहीच. मग मनात आले की ती खाली आहे, पण आता तिला ऐकू येत नाही. या दुसऱ्या विचारानंतर त्यांच्या मनात काहीच आले नाही.

मग शेवटून दुसऱ्या दाराची कडी आतून निघाली असावी, कारण पाण्यानेच ते दार आत ढकलले. चौकटीला धरून मुंगी उभी होती, पोटापर्यंत पाण्यात. तिने आधी पाण्याकडे पाहिले, मग पुलाच्या बाजूला पाहिले. तळहात दिसला तशी तिने चौकट सोडली. ती धावली नाही. धावायचे नाही, असे तिला शिकवलेले होते. एक हात भिंतीला लावून, पाऊल टेकले की मगच दुसरे उचलत, ओठ घट्ट मिटून ती चालत आली. ओट्याच्या मध्यावर एकदा तिचा पाय सरकला, ती भिंतीला चिकटून थांबली आणि पुन्हा निघाली. जपूनताईंच्या तोंडात त्यांचा तो जन्माचा शब्द आला होता. तो त्यांनी उच्चारला नाही. मुंगीने हात उंचावून त्यांच्या तळहाताला लावला. त्यांनी मूठ मिटली.

दोरीने दोघींना आत ओढून घेतल्यावर आचारी तिथेच बोळातल्या पाण्यात बसला. ताईंची मूठ उघडत नव्हती. बहिणीने वरून येऊन एकेक बोट सोडवले. मुंगी इतका वेळ सतरंज्यांच्या उंच फडताळावर, छताला लागून बसली होती. शोधणारे खाली शोधत होते आणि ती वर होती. तिला कोरडे करताना, केस पुसताना, कुणी काही विचारले नाही. ती आपणहून बोलली. "तुमची हाक ऐकू आली होती. कंदीलपण दिसला. पण तुम्हीच सांगितलं होतं, तुम्हालाही ओ द्यायची नाही." मग तिने विचारले, "मी बाद नाही ना?"

त्यांनी मान हलवून नाही म्हटले.

प्रमुख मोठ्या मुलांना घेऊन संध्याकाळच्या आत परतले. आचाऱ्याकडून सगळे ऐकून त्यांनी ताईंचे हात हातात घेतले आणि एवढे धैर्य आपल्यात आहे हे तुम्हालाच माहीत नव्हते, अशा अर्थाचे काही बोलले. पुढे कित्येक वर्षे कारखान्यात ही हकीकत याच पद्धतीने सांगितली गेली, भित्र्या बाईच्या धाडसाची गोष्ट म्हणून. जपूनताईंनी ती कधी तशी सांगितली नाही. त्यांच्या दृष्टीने तिच्यात धाडस नव्हते. एका लहान मुलीने भीतीने गोठून जाऊनही दिलेला शब्द पाळला होता, आणि तो शब्द तिच्याकडून हसत हसत, गंमत म्हणून काढून घेतला होता. आज्ञाधारक मूल आपल्याला आवडते. ते आपल्यावर किती विश्वास टाकून बसलेले असते, याचा हिशोब आपण सहसा करत नाही.

त्या पुढेही शिबिराला गेल्या. घंटेची कवायत त्यांनी बदलली. त्यात पाण्याचा दिवस आणि आगीचा दिवस वेगळे केले. खालच्या खोल्यांची ओढ्याकडची दारे बुजवून घेतली. पण कुणाचा आवाज त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. भाची लाडात येऊन म्हणे, "आत्या, बाबांसारखं खोक ना एकदा," तर त्या विषय बदलत. भावाने एकदा दुसऱ्या खोलीतून उगाचच, अगं धाव, दूध उतू चाललंय, अशी हाक मारली. त्या धावत आल्या, गॅस बंद पाहिला आणि त्या दिवशी त्याच्याशी बोलल्या नाहीत. भिण्यात त्यांचे काही कमी झाले नव्हते. जिन्यावरून त्या परत फिरतच राहिल्या.

त्या संध्याकाळी मात्र हे सगळे अजून घडायचे होते. पाऊस चालूच होता, वीज आली नव्हती, आणि खालून, पायांखालच्या फळ्यांतून, पाणी भिंतींना लागत असल्याचा आवाज येत होता. इमारत तग धरेल असे प्रमुख म्हणाले होते. ते त्यांनाही नक्की माहीत नव्हते. मुले दालनात एकमेकांना चिकटून पडली होती, पण डोळे कुणाचे मिटत नव्हते. जपूनताई कोरडी घोंगडी पांघरून दाराशी, जिन्याच्या तोंडाशी बसल्या होत्या. कुणाशीही त्या बोलल्या नव्हत्या.

अंधारात मुंगीच्या बहिणीने हलकेच हाक मारली, "मुंगे."

"ओ," शेजारून आवाज आला.

थोड्या वेळाने पुन्हा, "मुंगे."

"ओ. इथंच आहे."

तिसऱ्यांदा बहिणीने हाक मारली तेव्हा मुंगी वैतागली, आणि कुणीतरी खुदकन हसले. मग त्या हसणाऱ्याला त्याच्या मित्राने हाक मारली, त्याने ओ दिली. मग पलीकडच्या गादीवरून आणखी एक हाक. दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नावे जाऊ लागली आणि ओ परत येऊ लागली. कुणी आवाज बदलला नाही, कुणी फसवले नाही. ज्याला हाक आली नव्हती त्याने, मलापण हाक मारा, असे सांगितले. खालचे पाणी मध्येच मोठ्याने आदळे. सगळे एकदम गप्प होत, आणि मग कुणीतरी पुन्हा एक नाव घेई.

सगळ्यांच्या हाका झाल्या. मग मुंगीच्याच आवाजात, झोपेने जडावलेली हाक आली.

"जपूनताई?"

त्यांनी घोंगडी सावरली आणि जिन्याकडचे तोंड मुलांकडे वळवले.

"ओ," त्या म्हणाल्या.